खोचलेला पदर

सारजाबाईचा पदर खांद्यावर कमी आणि कमरेला जास्त असायचा. सकाळी उठली की ती तो डाव्या कमरेला खोचायची, तो निजायच्या वेळीच सुटायचा. मधल्या वेळात ऊन पातेलं उतरवायचं तरी तोच, घाम पुसायचा तरी तोच, आणि गल्लीतल्या कुठल्याही पोराचं नाक वाहताना दिसलं की तिथवर पोचायचाही तोच. रुमाल नावाची वेगळी वस्तू माणसाला कशाला लागते, हे तिला बावन्न वर्षांत उमगलं नव्हतं.

घर हर्सूलच्या पलीकडं, गुंठेवारीत. पंधरा वर्षांमागं तिथं ज्वारी उभी असायची. मालकानं गुंठा गुंठा करून जमीन विकली, लोकांनी जमतील तशा भिंती उभ्या केल्या आणि बघता बघता गल्ल्या झाल्या. शहर इथवर येऊन पोचलं होतं, त्याची पाइपलाइन मात्र मागंच कुठंतरी रेंगाळली होती. दोन हजार सोळाचा तो उन्हाळा. पावसानं लागोपाठ तोंड फिरवलेलं, हर्सूलच्या तलावात पोरं क्रिकेट खेळत होती. दर चौथ्या दिवशी टँकर यायचा. घरटी दोन निळे ड्रम. त्यात चार दिवसांचं पिणं, रांधणं, अंघोळी, आणि उरलं तर धुणं. उरायचं काहीच नाही. सारजाबाई एक लुगडं तीन-तीन दिवस नेसायची, मधे उन्हात टाकून उलटं करून घ्यायची. ऊन खाल्लं की कपडा निर्मळ होतो, असं ती म्हणायची. पाणी नसलं की माणसाला असल्या गोष्टी पटायला लागतात.

होळीच्या दोन दिवस आधी तिच्या डाव्या कमरेत आग पेटली. आधी वाटलं, ड्रम ओढताना लचक भरली. मग बोटाला फोड लागले. बारीक, पाण्यानं टचटचलेले, बेंबीच्या बाजूनं पाठीकडं निघालेला पट्टाच. नागीण. गावाकडं वाढलेल्या बाईला हे कुणी सांगावं लागत नाही, आणि त्यावर डॉक्टरकडं जायचं हेही तिच्या मनात येत नाही. ताप आला तर दवाखाना, हाड मोडलं तर दवाखाना. नागीण ही दवाखान्याच्या हद्दीतली गोष्टच नाही.

तिचे यजमान नानासाहेब चितेगावच्या कंपनीत पाळीला गेले, तशी ती सकाळच्या गाडीनं लासूर स्टेशनला पोचली. तिथं गोजरबाई नावाची म्हातारी गेरू उगाळून नागीण आखायची. तिनं फोडांच्या दोन्ही बाजूंनी लाल रेघ ओढली, पुढं तोंड काढलं, मागं शेपूट काढलं, आणि दोन्हींच्या मधे आडवी खूण मारली.

"हिचं तोंड शेपटीला मिळू द्यायचं नाय," गोजरबाई म्हणाली. "आन् उतरंस्तोवर कुणापाशी बोलायचं नाय. घरात कुणी गर्भार हाय का?"

"लेक येतीया. पहिलं बाळंतपण."

गोजरबाईचा हात थांबला. "मंग लई जप. गर्भारणीची नजर पडली की नागीण आंधळी होती. आंधळी झाली की वाट चुकती, आन् वाट चुकली की कमरंला येढा घालती. पोरीच्या नजरंला पडू द्यायची नाय. ध्यानात ऱ्हाईल?"

"ऱ्हाईल."

राहिलं. सारजाबाईनं ते इतकं ध्यानात ठेवलं की परतीच्या गाडीत बसल्या बसल्याच तिनं पदर नेहमीपेक्षा घट्ट ओढून घेतला आणि गेरूच्या रेघांवरून, फोडांवरून नीट खोचून टाकला. कुणाच्या बापाला दिसणार नव्हतं.

धुळवड त्या साली कोरडीच होती. पाण्यानं खेळणाऱ्याला लोकांनी मारलं असतं. शेजारच्या अनसूयाबाईंचा नातू मिहिर, वय वर्षं पाच, दुपारी जांभळं तोंड घेऊन सारजाबाईच्या ओट्यावर आला. दोन्ही अंगणांच्या मधे एकच बुटकी भिंत. अनसूयाबाईंचे यजमान वैजनाथराव कोर्टात कारकून होते, आता घरीच असायचे. मुलगा-सून नोकरीला. त्यामुळं मिहिर आजीच्या ताब्यात, म्हणजे अर्धा वेळ सारजाबाईच्या ताब्यात.

"अहो सारजाबाई, त्याला पाणी देऊ नका हं," अनसूयाबाई भिंतीपलीकडून ओरडल्या. "टँकर परवा आहे. राहू दे तोवर वांग्यासारखा."

"वांगं बरं दिसतंय वहिनी. भरून टाकू का रश्श्यात?"

मिहिर खिदळला आणि त्याच्या डोळ्यात रंग गेला. मग रडारड. सारजाबाईनं त्याला मांडीवर ओढला, कमरेचा पदर काढला आणि त्याच्या डोळ्यांच्या कडा, नाक, ओठ हळूहळू पुसून काढले. पदराचं टोक जरा ओलसर होतं. तिला वाटलं, घाम.

तीन दिवसांनी, रविवारी, सोनिया जालन्याहून आली. नववा महिना लागायला आलेला, पावलं सुजलेली, जीपमधून उतरतानाच चेहरा घामानं थबथबलेला. सारजाबाईनं उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि लेकीचं तोंड पुसलं. कपाळ, गळा, कानांच्या मागं. सोनियानं लहानपणासारखे डोळे मिटून घेतले होते.

"माय, तुझ्या पदराला अजून पिठाचाच वास येतो गं."

"मंग काय अत्तराचा यायला पायजे व्हय?"

नागीण आठवडाभरात वाळली. खपल्या पडल्या, गेरू उडून गेला, तोंड काही शेपटीला मिळालं नाही. लेकीला एकदाही दिसली नाही. सारजाबाईनं मनातल्या मनात गोजरबाईला हात जोडले आणि विषय संपवला.

पाडव्याच्या सकाळी सोनियानं भिंतीवरून हात लांबवून मिहिरच्या गळ्यात साखरेची गाठी घातली. त्यानं तिथंच एक पदक चाटून बघितलं आणि तिच्या गालाचा चिकट मुका घेतला. संध्याकाळपर्यंत त्याच्या पोटावर, पाठीवर, केसांत थेंबासारखे फोड उभे राहिले. कांजण्या.

 सोनियाला कांजण्या कधी आलेल्याच नव्हत्या. थोरल्या विश्वजीतला शाळेत असताना आल्या, तेव्हा सोनिया दोन वर्षांची. सारजाबाईनं तिला त्याच दुपारी मावशीकडं लासूर स्टेशनला पोचवली आणि भावाच्या अंगावरची शेवटची खपली पडल्यावरच, सव्वा महिन्यानं, परत आणली. पुढंही गल्लीत कुणाला आल्या की हिची रवानगी. पोरीला जपावं तर सारजाबाईनं, असं नातेवाइकांत नाव होतं. इतकं जपलं की त्या पोरीच्या अंगाला ही ओळखच राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं दाराला लिंबाचे टहाळे बांधले आणि भिंतीपाशी उभी राहिली.

"अनसूयाबाई! तुमच्या घरात पोरगं फुटलंय, आन् तुम्ही सांगत बी नाय?"

अनसूयाबाई हातातली कढई तशीच घेऊन आल्या. "काल संध्याकाळी दिसलं हो. मला तरी कुठं माहीत होतं?"

"दिसलं नाय म्हणं! येरवी कावळा शिवला तर तुम्हाला कळतं. सोवळं-ओवळं सगळं कळतं. माझी लेक भरल्या दिवसाची हाय, ते कळलं नाय?"

"सारजाबाई, तोंड सांभाळून बोला. मिहिर तुमच्याच ओट्यावर वाढलाय."

"तेच चुकलं माझं."

हे बोलताना गल्ली ऐकत होती. सारजाबाईला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर तिनं आवाज त्याच मापानं लावला होता.

सोमवारी सकाळी टँकरचा भोंगा वाजला तेव्हा ती ड्रमपाशी नव्हती. आत सोनियाच्या कानामागं तिला पहिला फोड दिसला होता. मग गळ्यावर चार. मग ताणलेल्या पोटावर, जिथं बाळाचा पाय उठायचा तिथं, एक. दोन दिवसांची कणकण आणि अंगदुखी सोनियानं उन्हाच्या नावावर खपवली होती. सारजाबाई तशीच बाहेर धावली आणि भर टँकरपुढं, पंधरा बायकांत, अनसूयाबाईंकडं हात करून ओरडली, "घ्या! लागली माझ्या पोरीला! आता तरी बसा घरात!"

बायका गपकन बाजूला सरकल्या. चतुराबाई नावाची एक दणकट बाई होती, टँकरचा पाइप बहुतेक तिच्याच हातात असायचा. तिनं अनसूयाबाईंचे ड्रम पायानं ढकलत रांगेच्या पार शेवटाला नेऊन ठेवले. शेवटाला म्हणजे, पोचलं तर गढूळ पाणी, नाहीतर तेही नाही.

टी.व्ही. सेंटरकडं डॉक्टर अश्लेषांचा दवाखाना होता. सोनियाचं नाव तिथंच घातलेलं. रिक्षा थांबली तशी तोंडाला मास्क बांधून डॉक्टर स्वतःच बाहेर आल्या. पोरगेलीच बाई, पण आवाजाला धार.

"उतरू नका. आत सातजणी बसल्यात, सगळ्या पोटुशा. हिनं नुसता श्वास सोडला तरी त्यांच्यापर्यंत जाईल." त्यांनी रिक्षातच सोनियाचं अंग पाहिलं, छातीला नळी लावली, बाळाचे ठोके ऐकले. मग म्हणाल्या, "मावशी, मागच्या दारानं या. गोळ्या लिहून देते."

मागच्या खोलीत औषधांची खोकी होती आणि एक स्टूल. सारजाबाई उभीच राहिली.

"हिला आधी कधीच आल्या नव्हत्या?"

"येऊच दिल्या नाय म्याडम."

डॉक्टरांनी चिठ्ठीवर गोळ्या लिहिल्या. मग सावकाश सांगू लागल्या. "हिला गोळ्या देतेय. धाप लागली, खोकला आला, तर रात्र-दिवस बघायचं नाही, मोठा दवाखाना गाठायचा. पण मला जास्त काळजी बाळाची आहे. हिच्या अंगात आता या रोगाशी झुंजायची ताकद तयार होईल आणि नाळेतून बाळाला मिळेल. त्याला दिवस लागतात. आज-उद्या बाळ झालं, तर ते रोग घेऊन बाहेर येईल आणि ताकद आईपाशीच राहील. ते फार वाईट. पाच दिवस जायलाच हवेत. सात गेले तर मला झोप लागेल. हिला उठबस नको, ओझं नको, मनाला त्रास नको."

सारजाबाईनं हिशोब केला. आजचा टँकर आला. पुढचा शुक्रवारी, त्याच्या पुढचा मंगळवारी. दोन टँकर. दोन टँकर पोर आत राहू दे.

"शेजारच्या पोरानं दिली म्याडम. पाडव्याला. हिनं गाठी घातली त्याला, आन् त्याच दिवशी फुटलं ते."

"पाडवा शुक्रवारी झाला. आज सोमवार." डॉक्टरांनी मान हलवली. "तीन दिवसांत नाही येत मावशी. ही अंगात शिरली की दहा दिवस तरी, बहुतेक वेळा दोन आठवडे, गुपचूप बसते. फोड दिसायच्या आधी दोन दिवस श्वासातून पसरायलाही लागते. तुम्ही दाराला लिंब बांधता तोवर तिचं घरातलं काम उरकलेलं असतं. हिला आणि त्या मुलाला एकाच सुमाराला लागण झालीय, आणि ती होळीच्या आसपास. तेव्हा घरात कुणाच्या अंगावर फोड होते का? कांजिण्या? नागीण?"

"नागीण?" सारजाबाईला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "तिचा काय संबंध?"

"तीच ती. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या असं आपण म्हणतो. जात नाहीत त्या. पाठीच्या मणक्यापाशी, नसांच्या मुळाशी निजून राहतात. तीस-चाळीस वर्षं. मग माणूस वयाला आलं, थकलं, दमलं, की एका नसेवर जाग्या होतात आणि पट्टा उठतो. त्या फोडातलं पाणी, ज्याला कधी कांजिण्या झाल्या नाहीत त्याला लागलं, की त्याला नागीण होत नाही. कांजिण्या होतात. कपड्याला लागलेलं ओलं पाणीसुद्धा पुरतं."

सारजाबाईचा डावा हात कमरेशी गेला होता. तिथं पदर होता.

"कुणाला होती का?"

"नाय," ती म्हणाली. "आमच्याकडं कुणाला नाय."

रिक्षात सोनिया डोळे मिटून पडली होती. सारजाबाई तिच्या शेजारी बसली ती पदर मुठीत गच्च धरून, जणू तो उडून कुणाला तरी लागेल. बाहात्तरच्या दुष्काळातलं तिला सगळं आठवलं. ती आठ वर्षांची होती. खडी फोडायच्या कामावर आई-बापाबरोबर सगळी पोरं, सरकारी सुकडी खायला मिळायची तिच्या रांगेत एकमेकांना चिकटून उभी. एकाला आल्या आणि आठ-पंधरा दिवसांच्या अंतरानं लाटेलाटेनं सगळ्यांना. आईनं तिला बाभळीच्या चिंचोळ्या सावलीत गोणपाटावर निजवलं होतं. आठ दिवसांनी सारजा उठली आणि पुन्हा घमेलं उचलायला लागली. जी तिच्यात निजली होती ती मात्र उठलीच नव्हती. चव्वेचाळीस वर्षं. त्या दुष्काळात निजली ती ह्या दुष्काळात उठली, आणि उठल्या उठल्या लेकीच्या तोंडावरून हात फिरवून गेली.

घरी आल्यावर सोनियाचा पहिला हुंदका फुटला. "गाठी मीच घातली माय. तू म्हणत होतीस, पोरांत जाऊ नको. माझ्याच हातानं मी माझ्या बाळाचं वाटोळं केलं."

इथं एक वाक्य बोलायचं होतं. सारजाबाईनं त्याऐवजी लिंबाच्या पाल्याची डहाळी घेतली आणि लेकीच्या पाठीवरून वारा घालत राहिली. डॉक्टर म्हणाल्या होत्या, मनाला त्रास नको. सांगितलं आणि पोरीनं धसका घेतला, कळा सुरू झाल्या, तर? बाळंत होऊ दे, मग सांगू. कारण चांगलं होतं. इतकं चांगलं, की त्याच्यामागं दुसरं एक कारण अंग चोरून उभं आहे हे तिचं तिलाही मंगळवार, बुधवार, गुरुवार असे तीन दिवस बघावं लागलं नाही.

त्या तीन दिवसांत तिनं लेकीला हात लावताना प्रत्येक वेळी हात धुतले. पाणी संपत आलं तरी धुतले. नानासाहेब म्हणाले, "आगं, पिण्यापुरतं तरी ठेव." ती धूतच राहिली. तिचा हात सारखा कमरेपाशी जायचा आणि चटका बसल्यासारखा मागं यायचा. पदर आता नुसता लोंबायचा. उंबऱ्यात पायात यायचा, भांड्यांत जायचा.

शुक्रवारी सकाळी भोंगा वाजला. सोनियाची खाट खिडकीशी होती. फोड आता अंगभर, काही सुकायला लागलेले, काही नवे. तिनं बाहेर बघितलं. रांगेच्या टोकाला, बाकीच्यांपासून दहा पावलं सोडून, वैजनाथराव एकटेच कळशी घेऊन उभे होते. सत्तरीचे. डोक्यावर ऊन. ते जरा पुढं सरकले की कुणीतरी "काका, लांब, लांब!" ओरडायचं, आणि ते अदबीनं मागं व्हायचे.

"बघ," सोनिया म्हणाली. "ते पण माझ्यामुळंच. मिहिरचा काय दोष? लेकरू ते. मीच गेले भिंतीपाशी. माय, बाळाला काय झालं ना, तर मी..."

"गप," सारजाबाई म्हणाली. मग खाली बसली. खाटेची कड धरून. "सोने, तू न्हाय. मिहिर बी न्हाय. मी."

तिनं सांगितलं. होळी, फोड, लासूर, गेरू, धुळवडीला पुसलेलं मिहिरचं तोंड, रविवारी उंबऱ्यात पुसलेलं तिचं तोंड. डॉक्टर काय म्हणाल्या ते. आपण डॉक्टरला काय म्हणालो तेही.

 सोनियाचे डोळे आईच्या कमरेवर होते.

"मला का नाय दाखवलीस?"

"गर्भारणीची नजर पडली की ती आंधळी होती म्हणं."

"माझी नजर?" सोनियाला हसू आलं, ते हसू चेहऱ्यावरच्या फोडांमुळं नीट उमटेना आणि मधेच वाकडं झालं. "माझ्या नजरंला जपलंस. पदर तेवढा तोंडावरून फिरवलास. आन् चार दिवस मी रडतीया ते बी बघत बसलीस. बारा वेळा म्हणाले असंल, माझ्यामुळं झालं. तू वारा घालत होतीस."

"मला वाटलं, तुला तरास..."

"हात नको लावू."

सारजाबाईनं हात मागं घेतला. आणि त्याच क्षणी सोनियाचं पोट दगडासारखं ताठ झालं. दोघींनाही दिसलं. सोनियाचा श्वास अडला, डोळे विस्फारले, आणि काहीतरी धरायला तिनं हात टाकला तो पदरावर पडला. तिनं तो मुठीत पिळला.

"नको रे बाळा," ती दातओठ खात म्हणाली. "आज नको. आज नको."

चौथा दिवस होता. सारजाबाई हलली नाही. पदर ओढला जात होता तसतशी ती पुढं वाकत गेली, शेवटी तिचं कपाळ खाटेला टेकलं. बाहेर ड्रममध्ये पाणी पडत होतं, चतुराबाई कुणाला तरी शिव्या घालत होती. कळ ओसरली. वीस मिनिटांनी दुसरी आली, ती हलकी. मग अर्धा तास काहीच नाही. पोट मऊ पडलं, आत बाळानं एक सावकाश कूस बदलली.

सोनियानं मूठ सोडली. घामानं ती निथळत होती. सारजाबाईनं उशाचा धुतलेला फडका उचलून पुढं केला. तो घेत सोनिया म्हणाली, "टँकर गेला का?"

"हाय अजून."

"मंग जा. वरडून ठपका लावलास ना त्यांना? आता वरडूनच सांग."

नऊ पावलांचं अंतर होतं. सारजाबाईनं आयुष्यात पुष्कळ ओझी वाहिली होती, खडीची, गवताची, ड्रमची, पण ती नऊ पावलं तिला फार लांब वाटली. पदर मागं मातीत लोळत होता. ती टँकरपाशी गेली आणि चतुराबाईच्या हातातला पाइप धरला.

"ह्ये पाणी आधी अनसूया वहिनींच्या ड्रममधी जाऊ दे."

"आवो, त्यांच्याकडं ते हाय ना..."

"त्यांच्याकडं माझ्याकडून गेलंय." तिचा आवाज फुटला, पण तिनं तो परत वर चढवला. "होळीला मला नागीण झाली व्हती. मी लपवली. मिहिरला माझ्या पदरानं लागलं, आन् माझ्या लेकीला बी. डॉक्टरीणबाई म्हणल्यात, नागीण आन् कांजण्या एकच. मी ह्या माणसांना गल्लीत लांब उभं केलं, आन् रोग आणला मी."

कुणालाच काही कळलं नाही, आणि सगळ्यांनाच कळलं. चतुराबाईनं पाइप सोडून दिला आणि दोन पावलं मागं सरली. बाकीच्याही. सारजाबाईभोवती बघता बघता मोकळी जागा झाली. पाइप जमिनीवर वळवळत होता, पाणी मातीत चाललं होतं, आणि त्या पाण्यासाठीही कुणी पुढं होईना.

अनसूयाबाई दारात आल्या होत्या. त्या रांगेच्या कडेनं चालत आल्या, वाकून पाइप उचलला आणि स्वतःच्या ड्रममध्ये सोडला. सारजाबाईकडं त्यांनी बघितलं नाही. ड्रम भरेपर्यंत त्या पाण्याकडंच बघत होत्या. मग एवढंच म्हणाल्या, "माझ्या सुनेनं आठ दिवसांची बिनपगारी रजा काढलीय. ऑफिसात कुणी तिच्या शेजारी बसत नाही. तुम्हाला ओरडून सांगता येतं, सारजाबाई. मला ओरडता येत नाही." आणि आत गेल्या.

त्याच दुपारी सारजाबाईनं डॉक्टरांना फोन लावून खरं सांगितलं. डॉक्टर रागावल्या नाहीत, हे तिला फार लागलं. त्यांनी फक्त विचारलं, होळीनंतर तुम्ही आणखी कुणाचं तोंड पुसलंत, आठवा. सारजाबाई बोटं मोजत आठवत बसली. बोटं पुरेनात.

शनिवार गेला. रविवार, सोमवार गेला. मंगळवारचा टँकर आला आणि गेला. सोनिया आईशी बोलायची ते कामापुरतं: पाणी दे, खिडकी लोट. पण कळ येऊन गेल्यासारखं वाटलं की तिचा हात अजून पदराकडंच जायचा, आणि सारजाबाई तो हाताला लागेल असा पुढं करून बसायची. बुधवारी सकाळी, नवव्या दिवशी, मुलगी झाली. सहा पौंडाची, रंगानं सावळी, अंग कोरं. डॉक्टर म्हणाल्या, "दिवस चांगले निघाले. आईची ताकद पोचली असणार. पण असणार म्हणजे आहेच असं नाही. एकवीस दिवस रोज अंग बघायचं. एक ठिपका दिसला तरी घेऊन यायचं."

बाळ घरी आलं. सारजाबाई रोज सकाळी उजेडात त्याला उघडं करून बघायची. बगला, मांड्यांच्या वळ्या, कानांच्या मागं. बघायची, पण उचलायची नाही. उचलायला सोनियानं मना केलं नव्हतं, घे म्हटलंही नव्हतं.

पुढच्या बुधवारी टँकर आला. अनसूयाबाईंचे ड्रम आता रांगेत जागच्या जागी होते. सारजाबाईचे ड्रम मात्र शेवटाला होते. ते कुणी ढकललेले नव्हते, तिचे तिनंच नेऊन ठेवले होते. ती एका हातानं लोंबणारा पदर सांभाळत, दुसऱ्या हातानं ड्रम कलता करत होती. तेवढ्यात मागून लुगडं ओढलं गेलं.

मिहिर होता. खपल्या पडलेल्या, कपाळावर दोन फिकट खड्डे. नाक वाहत होतं. त्यानं काही विचारलं नाही, सांगितलं नाही. नेहमीसारखी हनुवटी वर केली, डोळे मिटले आणि वाट बघत उभा राहिला.

सारजाबाईचा हात पदरावर गेला आणि तिथंच थांबला. तिनं वर बघितलं. अनसूयाबाई त्यांच्या ड्रमपाशी उभ्या होत्या, आणि त्या बघत होत्या.

"तो असाच उभा राहील दुपारपर्यंत," अनसूयाबाई म्हणाल्या. बारा दिवसांत त्या पहिल्यांदाच बोलत होत्या. "त्याला आता पुन्हा होत नाही. विचारलंय मी डॉक्टरांना." मग जरा थांबून, कपाळाला आठी घालून, "धुतलेला आहे ना पण?"

"कालच धुतला. अर्धा ड्रम गेला."

"अर्धा ड्रम! पदराला?"

"व्हय."

अनसूयाबाईंनी मान फिरवली. ते हसणं होतं की काय, हे त्यांच्या पाठीवरून कळत नव्हतं. सारजाबाईनं वाकून मिहिरचं नाक पुसलं, एकदाच, हलकेच. पदर तिनं कमरेला खोचला नाही. तो घरी जाऊन वेगळा धुवायचा होता. घरात बाळ होतं आणि बाळाचे अजून चौदा दिवस मोजायचे होते. आजचा सोडून तीन टँकर, आणि वर दोन दिवस.